निळी साल

बूड कोरडं. बाकी अख्खा माणूस ओलाचिंब, टोपीतून पाणी गळतंय, बुटांतून फचफच आवाज येतोय, आणि पँटचं बूड तेवढं कोरडं.

डाव्या कानापर्यंत शब्द पोचतात, पण वाटेत त्यांची धार जाते.

दहा फ्रँकचं मेलेलं नाणं. त्याला आता कुणी पाव देत नाही. त्याचा धंदा एकच, ठोकून बघणं.

ससा म्हणायचं नाही. लांबकान्या म्हणायचं. शक्यतो तेही नाहीच.

'बाबांनी माझ्याकडे सुरी मागितली.' 'बाबा मागे एकटेच होते.' दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, एकाच मरणाबद्दलची.

निघाली. पाहिली. निघाली. पाहिली.

"मस्यो जिल्दा, तुमच्या चष्म्यातून सगळं लोरियाँ गाव धुक्यात गेलंय हो," मादाम केर्वेला म्हणाल्या.

सुरुवात धरायची तर इथूनच धरावी लागेल. शनिवारची सकाळ, जिल्दाचं चष्म्याचं दुकान, बाहेर बाजाराला निघालेली माणसं, आणि काउंटरपलीकडे मादाम केर्वेला पर्स पोटाशी घट्ट धरून उभ्या. बुधवारी त्यांनी नवा चष्मा नेला होता. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बंदरावर धुकं आलंय. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोळे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला फोन करून निरोपासारखं काहीतरी बोलूनही घेतलं. जिल्दाने चष्मा उजेडाकडे धरला, कोपऱ्यात नख घातलं, आणि काचेवरून एक पारदर्शक पापुद्रा चर्रकन निघून आला. चरे पडू नयेत म्हणून कारखान्यातूनच तो चिकटून येतो. गिऱ्हाइकाला देताना काढायचा असतो. जिल्दाने काढला नव्हता. "अरे देवा," मादाम केर्वेला म्हणाल्या, "म्हणजे काचेने रेनकोट घातला होता, आणि मी मात्र दफनाची जागा शोधत होते!" मागे उभे असलेले दोघे हसले. जिल्दाही हसला. पापुद्रा त्याच्या बोटाला चिकटून बसला होता. झटकला तरी जाईना, दुसऱ्या बोटाने ओढला तर दुसऱ्याला चिकटला. आणि झटकता झटकता त्याचं हसू मध्येच गेलं, जिन्यातला दिवा जावा तसं. तीन दिवस ही बाई पापुद्र्यातून बघत होती. तिला धुकं दिसलं, आंधळेपण दिसलं, मरणसुद्धा दिसलं. पापुद्रा तेवढा दिसला नाही.

त्याला काठी आठवली. आठवली म्हणणंही बरोबर नाही, कारण गेलं वर्षभर ती त्याच्या डोक्यात उभीच होती. काठी म्हणजे नोल्वेनच्या होडीची डोलकाठी. नोल्वेन त्याची एकुलती मुलगी. होडी अशी, की आत तिला ताठ उभंही राहता यायचं नाही, आणि तसल्या होडीतून ही पोरगी शरद ऋतूत एकटी महासागर ओलांडणार होती. तिच्याच वयाची आणखी काही वेडी पोरं दर शर्यतीत ओलांडतात तसा. जुनी काठी अ‍ॅल्युमिनियमची, जड. वरचं वजन होडीला सतत कुशीवर लोळवायचं. "बाबा, डोक्यावर भरलेली बादली घेऊन नाचायला सांगितल्यासारखं वाटतं," ती म्हणाली होती. म्हणून मग कार्बनची हलकी काठी. ती विकत आणण्याचा विचारही करायचा नव्हता, पण घरात तांगी होता. तांगी म्हणजे जिल्दाच्या बायकोचा, रोझेनचा, भाऊ. महायुद्धात पाणबुड्या ठेवायला बांधलेल्या जुन्या काँक्रीटच्या गुहांमागे ज्या शेड आहेत, त्यांतल्या एकीत तो मिसरूड फुटल्यापासून डोलकाठ्याच बनवत आलेला. मालकाने त्याला भट्टी वापरू दिली, उरलंसुरलं कार्बनचं कापड दिलं. राळ भरलेलं ते काळं कापड एका लांब अ‍ॅल्युमिनियमच्या नळावर थरावर थर गुंडाळायचं, हाताने दाबत दाबत, मग सगळ्याला पिशवी चढवून हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत सारायचं. नळ तापला की फुगतो, गार होताना आकसतो, आणि काठी त्याला सोडून मोकळी होते. "बाळंतपणच हे," तांगी म्हणायचा, "फक्त ओरडत कुणी नाही."

पण साल. कापडाच्या एका अंगाला निळी प्लास्टिकची साल असते. थर बसवायचा, साल ओढून काढायची, मग त्यावर पुढचा थर. साल आत राहिली तर ते दोन थर एकमेकांना कधी भेटतच नाहीत. एकाच पलंगावर पाठ फिरवून झोपलेल्या नवराबायकोसारखे राहतात, आणि बाहेरून सगळं झकास. काठी काळी कुळकुळीत दिसते, उन्हात चमकते, बंदरात लोक हात फिरवून वाखाणतात. मग दूर कुठेतरी, जिथून किनारा दिसत नाही आणि हाकेला कुणी नाही, तिथे वारा काठीला विचारतो, आणि काठी खरं काय ते सांगते. म्हणून शेडमध्ये एक रीत होती. साल काढणारा ओरडायचा, "निघाली!" दुसऱ्याने ती साल आपल्या डोळ्यांनी बघायची आणि मगच म्हणायचं, "पाहिली!" मग ती भिंतीवर लावलेल्या चिकटपट्टीला टांगायची. पिशवी चढवण्याआधी भिंतीवरच्या साली मोजायच्या. जेवढे थर तेवढ्या साली. माणसाच्या बोलण्यावर विश्वास नाही, त्याच्या आठवणीवर तर नाहीच, भिंतीवर विश्वास. लांब थरांच्या साली लांब, ओढणीसारख्या लोंबणाऱ्या. आणि शेवटी, जिथे दोन्ही बाजूंच्या ताणाच्या तारा येऊन काठीला धरतात, तिथे जास्तीची ठिगळं. सात ठिगळं, दोन तळहात शेजारी ठेवावेत एवढी. त्यांच्या साली छोट्या. सगळा भार त्याच जागेवर येतो. काठी मोडली तर तिथेच मोडते.

ती ठिगळं गुरुवारी दुपारी बसवली. गुरुवारी दुपारी जिल्दाचं दुकान बंद असतं. शेडच्या पत्र्यावर पाऊस होता, आत भट्टी तापत ठेवलेली, त्यामुळे जिल्दाचा चष्मा घडोघडी वाफेने भरत होता. तांगी त्याच्या डावीकडे उभा होता. डावीकडे का? उजवीकडे जागा नव्हती? (जिल्दाचा डावा कान लहानपणापासून अधू आहे हे सासरी सगळ्यांना माहीत होतं. सासरे फाँश तर जेवताना मुद्दाम डावीकडून हळूच काहीतरी विचारायचे आणि तो भलतंच 'हो' म्हणाला की अख्खं टेबल खिदळायचं.) "निघाली!" "पाहिली." "निघाली!" "पाहिली." चर्चमध्ये आमेन म्हणतात तसं त्याचं चाललं होतं. त्यातल्या एका 'निघाली'ला तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. पाचवी असेल, कदाचित सहावी. चष्म्याशिवाय त्याला जग दूध सांडल्यासारखं दिसतं. त्या दुधात काहीतरी निळं हललं. किंवा नाही हललं. तो म्हणाला, "पाहिली." नंतर तांगीने भिंतीजवळ जाऊन, बोट फिरवत, ओठ हलवत मोजलं आणि म्हणाला, "सात. बरोबर." जिल्दाने मोजलं नाही. कसबी माणसाने मोजल्यावर आपण पुन्हा मोजणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्याला वाटलं होतं. निदान आजपर्यंत त्याला असंच आठवत होतं. आता, बोटावरचा पापुद्रा झटकता झटकता, त्याला वेगळंच आठवू लागलं. त्याला मोजायचं होतं, आणि तांगी मुद्दाम त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. राहिला होता का? चित्र तर स्पष्ट दिसत होतं. रुंद पाठ, कार्बनच्या धुळीने काळा झालेला अंगरखा.

आणि मग ते कोरडं बूड. त्याच गुरुवारी काठीला पिशवी चढवून झाल्यावर जिल्दा बसने घरी आला आणि तांगी भट्टी लावून मागून सायकलने जेवायला आला. पाऊस तसाच. रोझेनने घावनं करायला घेतली होती, सफरचंदाची सायडर काढून ठेवली होती. तांगी दारात उभा राहिला आणि त्याच्याभोवती तळं झालं. "तिथेच थांब, फरशी पुसलीय मी!" रोझेन ओरडली. "वळ बघू. हे काय रे? अख्खा गटारातून काढल्यासारखा, आणि बूड कोरडं?" तांगी म्हणाला, "विद्या आहे ताई. आपल्या घराण्यात दर्यावर जाऊनही बूड कोरडं ठेवायची विद्या आहे." रोझेन हसली, मग हसायची थांबली, कारण घराण्यात दर्यावर जाऊन न आलेला माणूस त्यांचा बापच होता. तांगीने टोपी पिळली आणि पहिलं घावन उभ्यानेच खाल्लं. त्याने उत्तर दिलं नव्हतं, विनोद केला होता. जिल्दाने ते तेव्हाच टिपलं होतं. सायकल दुपारभर शेडबाहेर पावसात उभी होती. बसकडे जाताना त्याने तिच्या सीटवर साचलेलं पाणी स्वतः पाहिलं होतं. त्या सीटवर बसलेल्या माणसाचं बूड कोरडं कसं राहील? म्हणजे तो सायकलवर बसलाच नाही. म्हणजे कुणीतरी त्याला गाडीने आणून सोडलं. जिल्दा सहज म्हणून खिडकीशी गेला होता; चौथ्या मजल्यावरून झाडाखाली सायकलचं अर्धं चाक दिसलं. म्हणजे सायकल मावेल अशी गाडी. व्हॅन. व्हॅन कुणाकडे होती? त्याच शेडमध्ये आणखी एका स्पर्धकाची काठी बनत होती, आणि त्या पोराच्या बापाकडे व्हॅन होती. गुरुवारी हे सगळं त्याच्या मनात नुसतं येऊन गेलं होतं, खोलीत मांजर येऊन जावी तसं. शनिवारी ती मांजर उशीवर येऊन बसली.

त्याने जेवणाच्या सुट्टीच्या बरंच आधी दुकान बंद केलं. बसची वाट न बघता चालत निघाला. वाटेत पावाच्या दुकानाशी रांग होती, बाजारात लीकच्या हिरव्या पातीच्या जुड्या आणि जिवंत खेकड्यांच्या पेट्या मांडलेल्या होत्या, ओळखीचे दोघे-तिघे "काय जिल्दा?" म्हणाले आणि तो प्रत्येकाला उजवा कान देत "हो हो" म्हणत पुढे गेला. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर त्याला आधीच सगळं ठाऊक असल्याचा भाव दिसत होता. शेडची किल्ली कुठे ठेवतात ते त्याला माहीत होतं. आत कुणी नव्हतं. काठी दोन लाकडी घोड्यांवर आडवी, गार, काळी, साच्यातून मोकळी होऊन. इतकी हलकी की त्याने एका टोकाला बोट लावलं तर ती झोपेतल्या माणसासारखी कूस बदलायला लागली. क्षणभर त्याला ती फार आवडली. मग तो भिंतीकडे वळला. लांब साली सगळ्या होत्या, त्याने त्या आराखड्याशी ताडून पाहिल्या. छोट्या साली सहा होत्या. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सहा. पट्टीचं शेवटचं टोक किंचित उचललेलं होतं, तिथून काहीतरी ओढून काढल्यासारखं. मग त्याला वाटलं, तसं दिसावं म्हणून कुणी ते नखाने उचलूनही ठेवू शकतं. त्याने जमीन पाहिली, टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा पालथा केला. दोऱ्याचे तुकडे, हातमोजे, सफरचंदाचा गाभा. निळं काही नाही.

सोमवारी काठी कोंकार्नोच्या बंदरात न्यायची होती. नोल्वेन आणि होडी तिथे वाट बघत होत्या. मंगळवारी ती पात्रतेच्या फेरीला निघणार, एकटी, आयर्लंडच्या दिशेने. महिनाअखेरीपर्यंत ती फेरी झाली नाही तर यंदाची शर्यत नाही. जुनी काठी तिने दुसऱ्या एका पोराला देऊनही टाकली होती. आवाजाच्या लहरींनी आत बघणारं यंत्र असतं, पण ते दुसऱ्या गावी, आणि नंबर लागायला पंधरवडा. छिद्र पाडून बघावं तर भार येतो त्याच जागी छिद्र. वजन करावं तर सालीला वजनच नाही. साल अशी होती की तिच्याबद्दल फक्त संशय घेता येत होता.

आणि संशयाची त्या घरात जुनी वहिवाट होती. पहिला मान जिल्दाचाच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, हा शेताकडचा, आतल्या मुलखातला जावई, दर्यावरच्या माणसांच्या टेबलाशी रविवारी जेवायला बसला आणि सासूबाईंना खूश करायला म्हणाला, "माझी आईसुद्धा ससा फार छान शिजवते." चमचे थांबले. फाँश यांनी ग्लास खाली ठेवला आणि अपशकुन टळावा म्हणून लाकडी टेबलाला खालून हात लावला. कुणीतरी हळूच म्हणालं, "लांबकान्या म्हणतात रे बाबा, तेही बोटीवर निघायच्या आदल्या दिवशी म्हणत नाहीत." सोमवारी फाँश बोट घेऊन गेले, सोबत तांगी, तेव्हा कोवळा पोर. आठवड्याच्या शेवटी बोट परत आली, तांगी परत आला, फाँश नाही. कुणीही जिल्दाला काही बोललं नाही. पण त्यानंतर सासूबाईंनी त्याला कधी पहिलं वाढलं नाही, आणि एकदा भांडणात रोझेन म्हणून गेली, "तू त्या दिवशी गप्प बसला असतास तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही, म्हणून ते अजून चालूच होतं. मग जिल्दा ऐकू लागला. तांगी चौकशीला काय म्हणाला: बाबा मागे एकटेच होते, मी वळून पाहिलं तेव्हा नव्हते. कुणाच्या तरी लग्नात, पोटात सायडर गेल्यावर काय म्हणाला: बाबांनी माझ्याकडे सुरी मागितली, जाळं कापायला. सुरी मागितली म्हणजे एकटे नव्हते. मग सुरी दिली की नाही दिली? का नाही दिली? जिल्दाने कुणाला विचारलं नाही. नुसतं जपून ठेवलं, रुतलेला काटा काढल्यावर माणूस तो लगेच फेकत नाही, उजेडात धरून बघत राहतो तसं. ती दोन वाक्यं जवळ असली की त्याला जरा बरं वाटायचं. एका शब्दाने माणूस मरत नाही. सुरीने मरतो. न दिलेल्या सुरीने.

तांगीला त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "शेडवर ये." तांगी आला तो हातात सॉसेज गुंडाळलेलं घावन घेऊन, चावत चावत.

"काय मेहुणे, दुकान बंद? लोक आंधळे हिंडतायत की बाजारात."

"सहा आहेत."

"काय सहा?"

"छोट्या साली."

तांगीने घास गिळला. भिंतीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, की जरा कमी?

"सात होत्या. मी मोजल्या ना."

"आता सहा आहेत."

"मग पडली असेल कुठे. झाडताना गेली असेल. शेड आहे ही बाबा, चर्च नाही."

"झाडलं कुणी?"

"मला काय माहीत? मी काल दिवसभर भट्टीपाशी होतो. तुझ्या पोरीची काठी शेकत." त्याने तेलकट कागदाचा बोळा केला आणि हात पँटला पुसले. "बरं, ये. कान दे इकडे. चांगला असेल तो दे."

त्याने खिशातून दहा फ्रँकचं नाणं काढलं आणि काठीवर ठोकत निघाला. टिंग, टिंग, टिंग. काचेच्या पेल्यासारखा आवाज. जिल्दा उजवा कान पुढे करून त्याच्या मागोमाग वाकून चालला. टिंग, टिंग. मग ठिगळांची जागा आली. टप. टप. टप. मग पुन्हा टिंग.

"इथे बसका येतोय," जिल्दा म्हणाला.

"येणारच. सात ठिगळं आहेत तिथे. जाडी आली की आवाज बसतो. माणसाचा नाही बसत?"

"आत दुसरं काही असलं तरी असाच येईल."

"असाच नाही. मेलेला येईल. हा बसका आहे, मेलेला नाही."

"मला फरक कळत नाही."

"मला कळतो ना."

"तेच तर."

तांगीने नाणं मुठीत धरलं. "तेच तर म्हणजे काय?"

 जिल्दा ओंजळीत पाणी धरावं तसं स्वतःला धरून उभा होता. बाहेर पत्र्यावर सीगल चालत होते, त्यांच्या नखांचा आवाज नाण्यासारखाच, टिक टिक.

"मी निघाली म्हणालो, तू पाहिली म्हणालास," तांगी हळू म्हणाला. "सातही वेळा. एकदा जरी नाही म्हणाला असतास तर मी थांबलो असतो. मी थांबतो, जिल्दा. माझी भाची जाणार आहे त्या काठीखाली."

हीच ती वेळ होती. चष्मा पुसत होतो, एवढे तीन शब्द. जिल्दाला ते शब्द तोंडात जाणवले, गरम, तयार. पण ते बोलले की साल कुठेही असो, काठीत, कचऱ्यात, आभाळात, दोष त्याच्याकडे येणार होता. आणि त्या घरात दोष एकदा त्याच्याकडे आला की पुढची पंचवीस वर्षं जेवण वाढताना कळतो. त्याने तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"फाँशच्या वेळीही बघायला तू एकटाच होतास."

 तांगीच्या गालावरचा कार्बनचा काळा डाग जसाच्या तसा होता आणि त्याभोवतीचा गाल मात्र पांढरा पडत गेला, कागदासारखा.  मग त्याने नाणं टेबलावर ठेवलं, अगदी हलकेच, आवाज न करता. खुंटीवरची बारीक दातांची करवत काढली आणि मुठीची बाजू जिल्दाकडे केली.

"घे. काप."

"तांगी, मी असं म्हणत..."

"म्हणालास. काप आता. मी कापली तर म्हणशील जागा चुकवून कापली."

त्याने अजूनही करवत घेतली नसती तर. पण मुठीची बाजू आपल्याकडे केलेलं हत्यार माणूस घेतोच, हस्तांदोलनाला हात पुढे यावा तसं. त्याने ठिगळांच्या बरोबर मध्यावर दात टेकवले. काठीने सुरुवातीला दाद दिली नाही, मग एकदम दिली. काळी बारीक धूळ हवेत तरंगू लागली, घशात जळक्या साखरेसारखी चव आली. बोटभर अंतरावर दुसरा काप दिला, आणि पहिलं कडं सुटून जमिनीवर पडलं तेव्हा खणखणीत वाजलं. जिल्दाने ते उचललं, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्याशी नेलं. जवळचं त्याला चष्म्याशिवायच चांगलं दिसतं. थर न् थर एकजीव. कुठे रेघ नाही, फट नाही. निळं नाही. त्याने बोटभर खाली आणखी एक कडं कापलं. मग आणखी एक. तिन्ही कडी टेबलावर ओळीने ठेवली, लग्नाच्या अंगठ्यांसारखी, राक्षसांच्या लग्नाच्या. निळं कुठेच नव्हतं. मग तो खाली बसला आणि काळ्या धुळीत बोट फिरवू लागला. करवतीच्या पात्याएवढ्या जागेत अख्खी साल मावत नाही, हे त्याला कळत होतं. तरी फिरवत होता.

तांगीने एकदाही आत डोकावून पाहिलं नाही. तो नळाशी जाऊन हात धूत होता, साबणाने, नखांतून, सर्जनसारखा. टोपी घातली. दारात थांबला.

"रोझेनला सांग, उद्या जेवायला येत नाही मी."

"तांगी."

"आणि ती सुरी," तो पाठमोराच म्हणाला, "त्यांनी मागितली तेव्हा मी दिली होती. ती हातात घेऊनच गेले ते. आईला कशाला सांगायचं, म्हणून नव्हतो सांगत."

सायकलची साखळी करकरली आणि आवाज गुहांच्या भिंतींना लागून लागून कमी होत गेला. नाणं टेबलावरच राहिलं.

खरं आहे का? जिल्दाच्या मनात आलं. धुळीत बोट तसंच ठेवून, तिन्ही कडी समोर असताना, त्याच्या मनात पहिलं हेच आलं, की खरं आहे का हे, की आत्ता सुचलं? त्या विचाराची त्याला भीती वाटली. विहिरीत डोकावताना पाण्यात आपलं तोंड आधी दिसतं, तळ नंतर.

त्याने नोल्वेनला फोन लावला. कोंकार्नोच्या बंदरात वारा असावा. तिच्यामागे शेकडो काठ्यांवर दोर आपटत होते, टिंग टिंग टिंग, सगळ्या धडधाकट.

"बाबा! निघाली का भट्टीतून? कशी दिसतेय?"

"नोल्वेन, काठी नाही."

"नाही म्हणजे?"

त्याने सांगितलं. छोट्या साली सहा होत्या, म्हणून बघावी लागली, म्हणून तांगीने करवत दिली, म्हणून कापली. तो इतक्या नीट, इतक्या क्रमाने सांगत होता की जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातून घडलं होतं. ती ऐकत होती. तिने आरडाओरडा केला नाही. लहानपणीही पडली की आधी गप्प राहायची.

"साल सापडली?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे काठी चांगली होती."

"हो."

"म्हणजे यंदा नाही."

"नाही."

दोर वाजत राहिले. कुणीतरी तिला लांबून हाक मारली आणि तिने "थांब रे" म्हटलं. 

"करवत तांगीमामाने तुझ्या हातात दिली? स्वतःहून? बाबा, मामा स्वतःची काठी कापायला देणार नाही. बोट कापून देईल. तू त्याला काय बोललास?"

"काय? नीट ऐकू येत नाही, वारा आहे तुझ्याकडे."

"मामाला तू काय बोललास?"

"ऐकू नाही आलं," जिल्दा म्हणाला.

फोन उजव्या कानाला होता.

गुरुवारी संध्याकाळी शेड बंद करून तांगी निघाला तेव्हा पाऊस पडत होता आणि सायकलच्या सीटवर पाणी साचलं होतं. तो परत आत आला, विचारही न करता भिंतीवरच्या पट्टीवरून शेवटची छोटी निळी साल ओढून काढली, सीटला गुंडाळली आणि तिच्यावर बसून बहिणीकडे जेवायला गेला.